बाबांनी स्क्रीनवर धरलेले दोन पुठ्ठे

मंडळी, आज सकाळी बाबांनी माझा लेख तिसऱ्याच परिच्छेदात सोडला आणि मला रागच आला. लेख त्यांच्यावरच होता! सत्तरच्या दशकात ते नागपुरात, बर्डीवरच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. ते सगळं मी माझ्या वेबसाइटवर लिहिलं होतं.

"काहून थांबले, बाबा?"

"मजकूर चांगला हाये गा. पण ओळ लय लांब हाये. एक संपवून परत आलो का मले पुन्हा तीच सापडते."

मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचे दोन पुठ्ठे आणून स्क्रीनवर दोन्ही बाजूंनी धरले. मधे वीतभर जागा उरली.

"ओळ एवढीच पायजे."

छापखान्यात बाबा पहिलं प्रूफ मशीनवाल्या काकांना वाचायला देत. ओळ हरवू नये म्हणून काकांनी वाचताना ओळीवर बोट ठेवलं, की बाबा पान मोडून पुन्हा जुळवत.

"बोट ठेवा लागलं तं चूक वाचणाऱ्याची नाही, जुळवणाऱ्याची."

मी ओळी आखूड केल्या, अक्षर मोठं केलं, ओळींमधे थोडी हवा सोडली. बाबा परत बसले. दोन्ही हात मांडीवर. चहा निवला तरी वाचतच होते.

शेवटी वळून म्हणाले, "संपलं? पुढचं काहून नाही लिहिलं?"

आणि लेख कोणी पुरता वाचेना, म्हणून मी गेला आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरत होतो, की लांब वाचायचा धीर आता कोणाला राहिला नाही.

तुमचं लिखाण कोणी अर्ध्यात सोडलं, तर त्याचं बोट कुठं अडलं, हे तुम्ही कधी विचारलंय?