चार हजार एकशे बारा सह्या

इराकवर युद्ध होणार असं रोज वर्तमानपत्रात येत होतं, त्या काळात आमच्या भागात एक छोटी शांतता समिती होती. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून आम्ही अकरा जण. युद्ध नको आणि त्या देशावरचे आर्थिक निर्बंध उठवा, या दोन मागण्यांवर आम्ही सह्या गोळा केल्या आणि दिल्लीला पाठवल्या. युद्ध झालंच. समिती आणखी वर्षभर चालली आणि मग बैठकांना लोक येईनासे झाले.

गेल्या वर्षी मुंबईतल्या एका बाईंचा फोन आला. युद्धाविरोधात गल्लीबोळांतून झालेल्या अशा लहान मोहिमांचे कागद त्या आणि त्यांचे सहकारी जमवून नीट जतन करतात. आमचे कागद आमच्या सेक्रेटरींकडे होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. ते उल्हासनगरचे सिंधी, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झालेले, आता वय चौऱ्याऐंशी. बाईंनी पाठवलेला एक पानी फॉर्म भरायला मी त्यांच्याकडे गेलो. तिसरा प्रश्न होता, एकूण सह्या किती.

काकांनी आठवायला एक क्षणही घेतला नाही. "चार हजार एकशे बारा. लिही."

मी पेन खाली ठेवलं. तो आकडा चुकीचा आहे हे मला वीस वर्षांहून जास्त काळ माहीत होतं, कारण मोजणी मी केली होती.

सह्या घेण्याची आमची पद्धत काकांनी ठरवली होती. त्यांच्या स्टोअर्समधून कुठलीही वस्तू दोन प्रतींत नोंदवल्याशिवाय बाहेर पडत नसे, तेव्हा सह्यासुद्धा तशाच घ्यायच्या. वर पांढरा कागद, मध्ये कार्बन, खाली पिवळा. पांढरे दिल्लीला जाणार आणि पिवळे आपल्याकडे राहणार. एका कागदावर वीस ओळी: क्रमांक, नाव, गाव, सही किंवा अंगठा. पाळी सुटण्याच्या वेळी आम्ही कारखान्यांच्या गेटवर उभे राहायचो आणि रविवारी वस्त्यांत जायचो. पालेगावला तेव्हा बरीच शेतं शिल्लक होती. कागद बाकीचे लावायचे, माझ्या हातात शाईचा पॅड. तिथल्या एका आजीनं अंगठा शाईत बुडवला आणि विचारलं, "आमचे अंगठ्यानं लराई थांबेल का रं?" तिची जाऊ म्हणाली, "लराईचं बघू मंग. आदी हात धू, त्याच हातानं भाकरी थापायची हाय." तरी पाठोपाठ तिनंही अंगठा दिला. तिकडच्या पोरांना औषध मिळत नाही, एवढं त्या दोघींना पटलं होतं.

शेवटच्या आठवड्यांत पिवळे कागद संपले. नवे आणायला कुणाला सवड नव्हती, म्हणून बाकीचे खालची प्रतही पांढऱ्या कागदावर घ्यायला लागले. हे मला कुणी सांगितलं नाही. खरं तर मी विचारलंही नाही. बेलवलीच्या आमच्या घरात रविवारी दुपारी गठ्ठे फरशीवर मांडून मी फक्त पांढरे कागद मोजले. भरलेल्या कागदाच्या वीस धरायच्या, अर्धवट असेल तर शेवटच्या ओळीचा क्रमांक घ्यायचा. बेरीज दोनदा केली आणि दोन्ही वेळा चार हजार एकशे बारा आली. बेरीज बरोबरच होती. शेवटच्या आठवड्यांतल्या सह्या मात्र मी दोन-दोनदा धरल्या होत्या.

हे मला पंधरा दिवसांनी कळलं. काकांच्या पेटीत पिवळ्या प्रतींच्या खाली पांढरे कागद दिसले. ते इथे कसे, असं विचारलं तर काका म्हणाले, "पिवळे संपले होते ना. ह्या खालच्या प्रती. दिल्लीचे गठ्ठे बांधताना मी बाजूला काढल्या." तोवर आकडा आमच्या पत्रकावर छापला गेला होता आणि सभेत काकांनी तो मोठ्यानं सांगितलाही होता. त्याच पत्रकात आम्ही लिहिलं होतं की खोट्या माहितीवर युद्धं लढली जातात. मी गप्प बसलो. पुढे बोलणं अवघड होत गेलं, आणि काका मात्र जो भेटेल त्याला तो आकडा सांगत राहिले.

"काका, फॉर्म भरण्याआधी एकदा मोजून घेतो," मी म्हणालो.

"कशाला? तूच तर मोजलेले."

"म्हणूनच."

त्यांच्या सूनबाईंनी पलंगाखालची पेटी ओढून बाहेर काढली. "मोजा, मोजा भाऊ. आणि मोजून झालं की घेऊनच जा. दहा वर्षांत या पेटीमागे झाडू गेला नाही."

पेटीत एकशे चोवीस पिवळे कागद होते आणि त्रेचाळीस पांढरे. पांढरे खरोखर खालच्या प्रतीच आहेत याची आधी खात्री करायला हवी होती. ती अंगठ्यांनी झाली. कार्बनमधून नाव उतरतं, सही उतरते, अंगठ्याचा ठसा उतरत नाही. पालेगावच्या कागदांवर नावं होती आणि शेवटचा रकाना मोकळा होता. आधीच्या मोजणीत मी त्या रकान्याकडे पाहिलंच नव्हतं. या वेळी एकेका ओळीवर बोट ठेवून मोजलं. पिवळ्यांवर दोन हजार चारशे तीस, पांढऱ्यांवर आठशे एक्केचाळीस. खरी बेरीज तीन हजार दोनशे एकाहत्तर.

काका खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. पांढरे कागद कसे मोजले, कधी कळलं आणि तेव्हा बोललो नाही हेसुद्धा. बोलताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. या वयात त्यांच्याकडून तो आकडा काढून घेणं मला जड जात होतं. दुसरी भीती त्याहून जास्त होती. चुकीचा आकडा त्यांच्या सहीनं दिल्लीला गेला असणार.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "आठशे एक्केचाळीस. साईं, माझ्या स्टोअर्समध्ये एवढा फरक पाडला असतास तर तुला गेटबाहेर काढला असता."

"हो."

"आता दिल्लीच्या पत्राची कॉपी काढ. निळी फाईल."

ती मिळाली. अर्ध्या पानाचं पत्र, खाली काकांची सही. मी ते दोनदा वाचलं. त्यात आकडा नव्हता. 'सोबत सह्यांचे सात गठ्ठे जोडले आहेत' एवढंच होतं.

"गठ्ठे मी बांधले, म्हणून सात लिहिलं," काका म्हणाले. "सह्या मी नाही मोजल्या. जे मी स्वतः मोजलं नाही, त्याच्यावर पस्तीस वर्षं सही केली नाही. तुझ्यासाठी कशाला करू?"

"पण सभेत तर सांगितलंत."

"सभा म्हणजे काय स्टोअर्सचं चलान आहे, सही करायला?"

सूनबाई आतल्या खोलीतून हसल्या. मलाही हसू आलं. माझ्या मोजणीवर काकांचा तेव्हाही विश्वास नव्हता हे थोडं लागलं, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं त्यापुढे ते काहीच नव्हतं. इतकी वर्षं वाटत होतं की आम्ही सरकारला खोटं सांगितलं. दिल्लीला गेलं ते सगळं खरं होतं. चूक आमच्या गावातल्या एका पत्रकापुरती होती.

मी पत्रकांचा गठ्ठा बाजूला काढला आणि विचारलं, यावरचा आकडा खोडू का. काकांनी हात धरला. "खोडायचं नाही. फरक निघाला की नोट लिहायची. काय लिहिलं होतं, काय निघालं, का निघालं, कोणी मोजलं. बस." त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. पाच ओळी झाल्या. 'का' या शब्दापुढे मी लिहिलं की दुय्यम प्रती पांढऱ्या कागदावर असल्यामुळे त्या दोनदा धरल्या गेल्या आणि चूक लक्षात आल्यावर मी कळवलं नाही. काकांनी शेवटचा भाग वाचून माझ्याकडे पाहिलं, पण तो काढायला सांगितला नाही.

पुढच्या शनिवारी मुंबईच्या बाई पेटी न्यायला आल्या. नोट वाचून त्यांनी काकांना विचारलं, "म्हणजे आम्ही कोणता आकडा धरायचा?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचारा. मोजलंय त्यानं."

"तीन हजार दोनशे एकाहत्तर," मी म्हणालो आणि फॉर्मच्या तिसऱ्या प्रश्नापुढे तो आकडा लिहिला. काकांनी चष्मा लावला, आकडा ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला आणि खाली सही केली.