आठ टॅपेट

जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन तेज करायला मी घरीच खोललं होतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे कॅमशाफ्टवर, मात्र दोन महिने अडलो. व्हॉल्व्ह जास्त उचलणारा नवा बसवला तर गाडी सपाटीला पळेल, पण तळोद्याच्या वरच्या चढावर दम सोडेल. सगळे आकडे वहीत मांडून जुनाच ठेवायचं ठरवलं. अट एकच होती. व्हॉल्व्हला ढकलणारा प्रत्येक टॅपेट दांड्यावरच्या आपल्या उंचवट्यावर, म्हणजे कॅमवर, घासून त्याच्याशी जुळलेला असतो, म्हणून आठही आपापल्या जागीच परत बसायला हवेत. मी ते पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवले होते.

शहाद्याचे मिस्त्री मदतीला आले. मी चहा सांगून येईपर्यंत त्यांनी आठही एका ताटलीत डिझेलने धुऊन लख्ख केले.

“मिस्त्री, कोणता कुठला होता?”

“भाऊ, आठी एकसारखाच शेतस. कोठे बी बसाडा, काय फरक पडस?”

“कॅम खाऊन टाकतील हो!”

“मंग तुम्हनी वहीमा पाहा ना, इतलं लिखेल शे!”

वहीत आठांची मापं होती. संध्याकाळपर्यंत मायक्रोमीटरने पुन्हा मोजली. पाचांचं माप तंतोतंत एकच निघालं; त्यांतला कोणता कुठला, ते ओळखायला मार्ग नव्हता.

दुकानात सुटे टॅपेट मिळत नाहीत. कॅमशाफ्टसकटच घ्यावे लागतात, आणि दुकानदाराकडे एकच कॅमशाफ्ट आहे: जास्त उचलणारा, मी दोन महिने हिशेब करून नाकारलेला.