साडीची पिशवी

नंदुरबारच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली नाना दस्त लिहीत बसत. त्यांचा शाईचा पॅड टेबलावर कधी दिसायचा नाही, मांडीखाली दाबलेला असायचा. कागद मोठ्याने वाचून अहिराणीत समजावल्याशिवाय तो बाहेर येत नसे. कोणी घाई केली की म्हणत, "पहिले कान, मंग हात. दिएल अंगठा मांगे येत नही."

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पोटासाठी राजकोटच्या कारखान्यात. वडील, म्हणजे बापू, वारले आणि माझ्या मनाने धास्ती घेतली. आमच्या कोरीट गावची जमीन वाटली गेली तर परत यायला जागाच उरणार नाही, हेच रात्रंदिवस डोक्यात. थोरली बहीण सुमनताई कळसाडीला दिलेली. तिला फोनवर सांगितलं, "बापूना वारसना कागद शे, ताई. एक सही लागी." खरं तर मी नानांना हक्कसोडपत्र लिहायला सांगून ठेवलं होतं. म्हणजे ताईने आपला हिस्सा सोडला, असा कागद.

सहीच्या दिवशी ताई हसतच नानांच्या टेबलापाशी आली. नानांनी विचारलं, "बाई, कसाना कागद शे, माहीत शे ना?"

"वारसना. भाऊनी सांगं ना माले."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "आज तू वाच."

मी अडखळत वाचू लागलो. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' इथपर्यंत आलो आणि कागद खाली ठेवला. म्हणालो, "नाना, माले वाटनं हाऊ वारसनाच कागद शे."

माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत नाना म्हणाले, "पिशवीमा काय शे?"

उत्तर ताईनेच दिलं, कौतुकाने. "साडी शे. मन्हाकरता लई उना तो."

आमच्याकडे बहिणीने हिस्सा सोडला की त्याच दिवशी भाऊ तिला साडी घेतो. हे लहान पोरालाही माहीत असतं.

"वारसना कागदले कोनी साडी लई येस का रे?" नानांनी इतक्या हळू विचारलं की शेजारच्या टेबलावर ऐकू गेलं नाही.

ताईला मात्र गेलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "घरमाच सांगनं व्हतं ना, भाऊ. मी नही म्हनती का?" आणि नानांकडे वळून, "आज सही नको, नाना."

नानांनी तो कागद फाडला आणि वारस नोंदीचा अर्ज लिहिला, दोघांच्या नावांचा. निघताना पिशवी माझ्या हातात दिली. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तिची आठवण करून देत म्हणाले, "आखाजीले दे. बहीन माहेरले येस तवय. पन पहिले कान, हां."

आता सातबाऱ्यावर दोन नावं आहेत. जमीन कुठे गेली नाही, माझी धास्तीच खोटी निघाली. नानांनी मला एका मोठ्या पापातून ओढून काढलं, आणि त्यांचे आभार मानायचेही माझ्याकडून राहिले. गेल्या हिवाळ्यात ते गेले. ताईनेच फोन करून सांगितलं. शेवटी म्हणाली, "आखाजीले येस ना?"

दरवर्षी विचारते, आणि दरवर्षी मी सुट्टी नाही म्हणतो. साडी राजकोटला माझ्या पेटीत तशीच आहे, दुकानाच्या घडीत. हाताने द्यायला सोपी आहे. पण आधी तिच्या कानावर काय घालायचं, ते तोंडातून अजून निघत नाही.