पांडेलीस दाजींची भीती

आमच्या ग्रीसमधल्या इद्रा बेटावर हल्ली पोरं कप्तान पांडेलीसच्या नावाने गाणी म्हणतात. गाण्यात तो सिंह असतो. मला हसू येतं आणि रागही येतो. गाणं रचणारा त्याच्या गलबतावर नव्हता; मी, मित्रो, होतो. पांडेलीस म्हणजे माझ्या बहिणीचा, बिलिओचा नवरा. दाजींएवढा भेदरट माणूस अख्ख्या बेटावर शोधून सापडला नसता.

विस्तवाला तर ते फारच भीत. पाव भाजून झाले की भट्टीत आधी बिलिओ पाणी ओतायची, मग दाजी ओतायचे.

"अहो, राखेला काय बुडवून मारताय?" ती म्हणायची.

"मरत नाही गं ती. नुसती डोळे मिटून पडते."

तुर्की सुलतानाचं आरमार आमचं बंड मोडायला आलं तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवलं की आपली जुनी गलबतं डांबर, गंधक आणि तोफेच्या दारूने भरायची आणि त्यांच्या जहाजांना भिडवून पेटवायची. नेणार कोण? धक्क्यावर सगळ्यांच्या माना खाली. पहिलं गलबत दाजींच्या वडिलांचं होतं. दाजी बोलले तेव्हा त्यांचा आवाज चिरकला. "ते डावीकडे ओढतं. दुसऱ्याला सांभाळायचं नाही. मीच नेतो." असे ते कप्तान झाले. मी वल्ह्यावर होतोच.

कामाची रीत अशी. गलबत शत्रूच्या जहाजात लोखंडी गळ टाकून अडकवायचं, सगळ्यांनी मागे बांधलेल्या होडीत उतरायचं, कप्तानाने वात पेटवून शेवटी यायचं आणि मग जीव घेऊन वल्हवायचं.

दाजींनी दोन गोष्टी केल्या. ठिणगी उडेल म्हणून सगळ्यांच्या सुऱ्या किनाऱ्यावरच काढून ठेवायला लावल्या. गळांनासुद्धा चिंध्या गुंडाळल्या. आणि दोराचं होडीकडचं टोक स्वतः बांधलं. एका गाठीवर दुसरी, तिच्यावर तिसरी.

"दाजी, गाठ आहे की वेणी?" मी म्हटलं.

"सुटली तर संपलो आपण, मित्रो."

भर दुपारी आम्ही त्या मोठ्या जहाजाला भिडलो. तोफेचे गोळे डोक्यावरून जात होते. आम्ही होडीत उतरलो, दाजींनी वात पेटवली आणि ते धडपडत खाली आले. आणि गाठ सुटेना. भिजून, ताणून ती दगडासारखी झाली होती. आमची नखं तुटली. एकाने दात लावले. दारूने भरलेल्या गलबताला आम्हीच स्वतःला बांधून घेतलं होतं, आणि सुरी एकाकडेही नव्हती.

दाजींचं तोंड पांढरंफटक पडलं. "वरचं टोक सोडतो," ते म्हणाले आणि परत वर चढले. धुरात दिसेनासे झाले, पण ऐकू येत होते. "देवमाते! देवमाते गं!" असं ते लहान मुलासारखे ओरडत होते. मग दोर धप्पकन पाण्यात पडला. होडी मोकळी झाली आणि दाजी वरच्या काठावर उभे राहिले. त्यांना पोहता येत नव्हतं. आमच्यात कुणालाच येत नाही. जहाजावर जन्म काढणारी माणसं आम्ही, पाण्याशी आमचा संबंध काय?

"मारा उडी!"

"भीती वाटते रे!"

"मलाही वाटतेय! मारा!"

डोळे गच्च मिटून त्यांनी उडी घेतली. मी केसांना धरून त्यांना ओढलं. मागे सगळं आभाळ फुटल्यागत आवाज झाला. दाजी होडीच्या तळाशी दात वाजवत बसले होते आणि एकच विचारत होते, "सगळे आहेत ना?"

घरी आल्यावर त्यांनी वडीलधाऱ्यांना हात जोडले. पुन्हा नाही. बिलिओने त्या रविवारी देवळात मोठी मेणबत्ती लावली.

पुढच्या हल्ल्याचं गलबत यान्नूलिसला मिळालं. यान्नूलिस खरंच निडर; त्या दिवशी तो धक्क्यावर नव्हता, एवढंच. आमच्या मागून गेलेल्या गलबतावर त्याने हसत वात पेटवली होती, माणसं उतरली की नाही ते न बघता. तो एकटा परतला होता. माझं वल्हं आता त्याच्या होडीत होतं.

निघायच्या सकाळी मी निरोप घ्यायला गेलो. बिलिओ माझ्या पिशवीत ऑलिव्ह भरत होती.

"कुणाबरोबर जातोयस?"

"यान्नूलिस."

तिचा हात थांबला. पिशवी खाली ठेवून ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, उठा."

"बिलिओ, मी भीतीनेच मरेन गं."

"माहीत आहे मला. म्हणूनच म्हणते, उठा. गलबत तुम्ही न्या. यान्नूलिसला कसलीच भीती नाही, आणि मला माझा भाऊ परत हवाय."

दाजी खाली बघत रडत राहिले. मी म्हणालो, "ताई, राहू दे." तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. थोड्या वेळाने दाजी उठले. हात इतके थरथरत होते की अंगरख्याची बटणं त्यांना लावता येईनात. ती बिलिओने लावली, एकेक करून, आणि शेवटचं लावून झाल्यावरही तिने ते सोडलं नाही.