पल्याडचा भोंगा

पोलादपुरात, ट्रकवाले घाट चढायच्या आधी जिथे चहाला थांबत, तिथे महादूची बॅटरी चार्जिंगची टपरी होती. अ‍ॅसिडच्या शिंतोड्यांनी त्याच्या प्रत्येक सदऱ्याची चाळण झालेली. बायको रखमा म्हणायची, "ह्यांच्या सदऱ्यातनं नाचनी चाळावी, खडा वरच ऱ्हाईल." सातवीत शाळा सुटलेला हा माणूस, पण टाकून दिलेल्या बॅटरीत किती जीव उरलाय ते त्याला झाकण उघडल्या उघडल्या वासावरून कळे.

त्र्याऐंशी साली आंबेडकर जयंतीच्या आठवडाभर आधी चंदू त्याच्याकडे एक पेटारा घेऊन आला. चंदू त्याच्याच वाडीतला, मुंबईला गोदीत कामाला. पेटाऱ्यात जुन्या बाजारातला अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक माईक.

"किती व्होल्टची हाय?" महादूने विचारलं.

"दुकानदार बोलला, बॅटरीवर एकदम झक्कास चालेल."

"कितीच्या बॅटरीवर?"

"ते नाय बोलला."

पाठीमागच्या पत्र्यावर आकडे होते, त्यावर कुणीतरी हिरवा ऑइलपेंट फासलेला. वाडी कुडपणाच्या अंगाला, डोंगरात. तिथे विजेचे खांब अजून पोचले नव्हते, म्हणजे बॅटरीशिवाय इलाज नाही. कमी दिलं तर मशीन मुकं, जास्त दिलं तर राख.

आणि चंदू आणणार म्हटल्यापासून ह्या मशीनवर सोनाबाई डोळे लावून बसली होती. सोनाबाई महादूची चुलती. जयंतीला बाबासाहेबांचा पाळणा म्हणायचा तो तिनेच, वीस वर्षं. औंदा दुखण्यातून उठली आणि आवाज पार बसला, चुलीपुढे बोललेलं पडवीत ऐकू येईना. बायकांनी पाळणा तरण्या आवाजाच्या मंजुळाला द्यायचं ठरवलं, तर म्हातारी ऐकेना. तिची लेक मैना दरीपल्याडच्या वाडीत दिलेली, आठ दिवसांची ओली बाळंतीण. तिला काही दरी उतरून येता येणार नव्हतं.

"मशीन लाव रे महादू," म्हातारीने बजावलं होतं. "माजा पाळना त्या पोराच्या कानावर गेला पायजे. बाकी तुजी जयंती तू कशी बी कर."

महादूने एक जुनी बॅटरी पुढे ओढली. तेव्हाच्या बॅटऱ्यांच्या डोक्यावर, डांबरात बसवलेल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या असत. आत सहा खण, एकेक खण दोन व्होल्टचा. वायरीचं एक टोक त्याने कडेच्या खुंटीला बांधलं, दुसरं पट्टीपट्टीने पुढे सरकवत गेला. मधे हेडलाइटचा बल्ब आडवा घातला होता. मशीनच्या आत काही बिघडलंच तर बल्ब भकदिशी पेटणार आणि मशीन वाचणार. सहा व्होल्टला मशीन मुकंच. आठला गुरगुरलं. दहाला गेंगाणं बोललं. मग त्याने बल्ब काढला आणि वायर शेवटच्या खुंटीला टेकवली. बाराला चंदूचं "हॅलो" असं खणखणीत उठलं, की समोरच्या ट्रकचा क्लीनर झोपेतून दचकला.

"चोवीस देऊन बघ ना, डबल आवाज येईल," चंदू म्हणाला.

"पोटुशीला दोन ताटं वाढलीस तर जुळी व्हतील व्हय रं?"

आता राहिलं, मशीन करंट खातं किती. जीपच्या भंगारातून काढलेला अँपिअरचा मीटर महादूने मधे जोडला आणि चंदूला माईकपुढे बसवलं. चंदू गप्प, तर काटा अर्ध्या अँपिअरवर. बोलला की चारावर. ओरडला की सहावर. बॅटरीवर ऐंशी अँपिअर-तास लिहिलेलं. पण बॅटरी जुनी, महादूने ती विसाचीच धरली. फळीवर खडूने हिशेब मांडला: तीन तास बोलणं, चोक बारा. विसातून बारा गेले, आठ शिल्लक. पाळणा दोनदा होईल.

हिशेब चोख होता. त्यात वाडी धरायची तेवढी राहिली.

जयंतीच्या सकाळी दोघांनी बॅटरी डोलीसारखी खांद्यावरून वर नेली. एक भोंगा मांडवाकडे, एक दरीकडे तोंड करून झाडाला बांधला आणि वाडी लोटली. प्रत्येकाला आपलं नाव भोंग्यातून ऐकायचं होतं. आणि डोंगरातलं माणूस हळू बोलतं कुठे? ह्या बांधावरून त्या बांधावर हाळी घालण्यात ज्यांचा जन्म गेला, ते माईकलाही हाळीच घालत होते. येसाजीबुवाने पल्याडच्या व्याह्याला बोकडाची चौकशी केली ती पाच मिनिटं. काटा सहावरून खाली येईना. महादू म्हणत होता, "आता पुरं," आणि पुढच्याचं तोंड बघून त्याच्याच हातात माईक देत होता. नको म्हणायचं बळ त्याच्यात कधीच नव्हतं.

बुद्धवंदना झाली आणि त्याने बॅटरीचं पाणी तपासलं. काचेच्या नळीतली तरंगणी तळाला टेकली होती. आता चंदूचं भाषण, चार पानी. मग पाळणा.

चंदू माईकपुढे उभा राहिला आणि महादूने बटण बंद केलं.

"ए, काय झालं?"

"संपत आलीय. जेवडी उरलीय तेवडी काकीची."

"अरे, मशीन कोनी आनली?"

"तू आनलीस. पन तुजा आवाज गोदीत कमावलेला हाय, तुला भोंगा कशाला? तिला हाय का दुसरं काय?"

चंदूने सोनाबाईकडे पाहिलं. नवं लुगडं नेसून ती पाळण्याची दोरी धरून बसली होती, ओठ आतल्या आत हलत होते. चंदूने चार पानांतली तीन खिशात घातली आणि उरलेलं एक छातीवर हात ठेवून ओरडून वाचलं.

मग महादूने हळूच दरीकडच्या भोंग्याची वायर काढली. एकाच भोंग्यावर, आवाज बारीक ठेवून, मांडवापुरता अख्खा पाळणा निघाला असता. मंजुळाने माईक म्हातारीच्या तोंडाशी धरला.

सोनाबाईने मान वर करून झाडाकडे पाहिलं. "पल्याडचा भोंगा गप का?"

"काकी, तो लावला तर सगळा पाळना व्हनार नाय. येक कडवं निघंल, बस. हितं मान्सं बसलीत..."

"हितल्यांनी वीस वर्सं ऐकलाय," म्हातारी म्हणाली. "लाव."

महादूने मांडवाकडची वायर काढली, दरीकडची जोडली आणि आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. मांडवातल्या माणसांना म्हातारीचे नुसते ओठ दिसत होते. पण झाडावरून तिचा आवाज दरीत उतरत गेला, खरबरीत, दमलेला, तरी लयीला पक्का. काटा थरथरत होता. कडव्याच्या शेवटच्या ओळीला भोंगा घोगरला, ओळ कशीबशी पुरी केली आणि गप्प झाला.

महादू मशीन सोडून बांधाच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

बऱ्याच वेळाने पल्याडून हाळी आली, पुरुषाची, मैनाच्या नवऱ्याची: "आलाऽऽ! ऐकाय आलाऽऽ!"

"काय म्हनतोय गो तो?" सोनाबाईने मंजुळाला विचारलं.

महादूनेच बांधावरून परत येऊन तिच्या कानाशी वाकून सांगितलं.