धाकटीच्या गळ्यात वीणा

मला राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी घासलेलीच भांडी परत घ्यायला लागले तेव्हा शेजारीण म्हणाली, "अगं, तळ निघंल पातेल्याचा!" निघू दे म्हटलं. सासूबाईंनी आपला वीणेचा पहारा धाकटीला देऊन टाकला होता. थोरली सून मी असताना, धाकट्या सुनेला!

पहारा म्हणजे काय ते सांगते. आमचं गाव उमापूरच्या अलीकडं. ऊसतोडीच्या टोळ्या घरी परतल्या की चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ता बसतो. सात दिवस रात्रंदिवस नाम थांबायचं नाही आणि वीणा भुईला टेकायची नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, बस्स. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं दोन तास उभं राहून "राम कृष्ण हरी" म्हणत राहायचं. बसायचं नाही, दुसरं अवाक्षर बोलायचं नाही. आणि वीणा देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग एक मालक असो नाहीतर त्याचा सालगडी. गावात बाईच्या गळ्यात वीणा पहिल्यांदा पडली ती आमच्या सासूबाईंच्या. तेव्हा लई गोंधळ झालता म्हणे, पण त्या काही देवळातून हलल्या नाहीत. तेव्हापासून दुपारचा तो पहारा आमच्या घरातल्या बाईचा.

यंदा त्यांचे गुडघे गेले. आता उभं राहणार कोण, हे विचारायचं तरी काय कारण होतं? त्यांच्या शेजारी बसून रोज सकाळी माळ ओढणारी मी. मणी मधल्या बोटावर घ्यायचा, पहिलं बोट लावायचं नाही, मेरुमणी आला की ओलांडायचा नाही, माळ तिथूनच मागं फिरवायची, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. आणि धाकटी? दिवाळीच्या आगंमागं नवऱ्यासंगं कारखान्याला जाते, तिकडंच पाचटाच्या कोपीत, झोपडीत राहते, उन्हाळा लागला की येते. तिच्या हातात मी कधी माळ बघितली नव्हती. तिची पोरगी दुसरीला आहे, शाळा बुडू नये म्हणून माझ्याजवळ असते. म्हणजे पोर मी सांभाळायची, म्हशी मी बघायच्या, गुडघ्यांना तेल मी चोळायचं आणि वीणा हिच्या गळ्यात!

"आत्याबाई, तिलाच कावून?" मी सासूबाईंना विचारलं.

"तुला काय कमी हाय?" एवढंच बोलून त्यांनी माळ हातात घेतली. माळ हातात असली की त्या बोलत नाहीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वर काय, धाकटीच्या नंतरचा पहारा रिकामा होता, तो मला दिला. म्हणजे रोज मी तिच्याकडून वीणा घ्यायची आणि रोज तिच्या पाया पडायचं. थोरल्या जावेनं! गावच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या असतील तर मला त्यांचा राग नाही. मीही हसले असते.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. म्हटलं बघू तरी, हिला काय जमतंय. तिनं वीणा धरली ती साफ चुकीची, खराटा धरल्यागत. बोटाला ऊस छाटून पडलेले घट्टे, त्यात तार नीट छेडता येईना. मला बरं वाटलं. पण तोंड उघडलं आणि माझं बरं वाटणं संपलं. आवाज गोड होता असं नाही म्हणणार. मोठाही नव्हता. पण तो कुणासाठी नव्हता. डोळे मिटून, एका चालीत, घरात एकटीच असल्यासारखी म्हणत होती. टाळ वाजवायला दोन म्हाताऱ्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "सासूच उभी हाय जणू." मला वाटलं, तो टाळ हिसकावून घ्यावा.

मग माझी पाळी. मी वीणा घेतली, पाया पडले, म्हणजे तिच्या पावलांपासून वीतभर वर हात नेला आणि मागं आणला. नाम सुरू केलं. माझा उच्चार स्वच्छ, सूर बरोबर, पदर डोक्यावरून ढळला नाही. आणि पहाराभर मी काय केलं? दारातून कोण आलं, कोण थांबलं, धाकटीच्या वेळी थांबलेला दुकानदार माझ्या वेळी का थांबला नाही, हे बघत राहिले.

सासूबाई म्हणायच्या, नामाचा अर्थ शोधत बसू नये. तोंड एकदा देवाला दिलं की ते दुसऱ्याचं उणंदुणं काढायला मोकळं राहत नाही, तोच त्याचा अर्थ. आत्याबाई, तोंडाचं बरोबर हाय हो. पण माणसाच्या आत दुसरं एक तोंड असतं आणि ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बाहेर राम कृष्ण हरी आणि आत, हिला खोकला कसा येत न्हाई? हिचे पाय कसे दुखत न्हाईत? असं माझं नामस्मरण चाललं होतं. देवाला सगळं ऐकू येत असेल तर तो काय म्हणाला असेल, देव जाणे.

अशातच मधल्या एका दुपारी ते झालं. ऊन मरणाचं होतं. टाळवाल्या दोघी म्हाताऱ्या पेंगत होत्या. धाकटीचा पहारा संपत आलेला, मी खांबाजवळ उभी. मंडपात पोरं पळत होती, त्यात आमची पोरगी दोरीला अडकून तोंडावर पडली. गुडघा फुटला, ओठातून रक्त. भोकाड पसरून ती देवळात धावत आली.

धाकटीनं डोळे उघडले. वीणा टाकता येईना, बसता येईना. तिनं तारेवरचा हात काढून पोरीकडं पसरला आणि म्हणाली, "ये गं, ये माझ्याजवळ."

नाम थांबलं. देवळात नुसता पंख्याचा आवाज. म्हाताऱ्या दचकून जाग्या झाल्या. पोरगी आईच्या पसरलेल्या हाताखालून निघून सरळ माझ्याकडं आली. "मोठी आई!" म्हणत माझ्या साडीत तोंड खुपसलं.

मला आधी काय वाटलं ते सांगू? पोरीच्या रक्ताचं नाही वाटलं. वाटलं, चुकली! सप्त्यातलं नाम हिच्या तोंडून खंडलं! आणि मी मोठ्यानं "राम कृष्ण हरी" उचललं, सगळ्या गावानं ऐकावं असं. तसंच म्हणत पुढं गेले आणि वीणा माझ्या गळ्यात घेतली.

पाया पडायचं राहिलं होतं. ती वाकली, मी वाकले. वाकल्या वाकल्या तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"अक्का," ती म्हणाली, "दोन तासाच्या वीणेवरून तुमचं तोंड चढलंय, दिसतंय मला. माझी पोर मला सोडून तुमच्याकडं पळती, मी कवा काही बोलले का?"

मी सरळ उभी राहिले. तिला उत्तर द्यायचं होतं, पण वीणा गळ्यात होती आणि नामाशिवाय मला बोलायची सोय नव्हती. मी नाम म्हणत राहिले.

धाकटी खांबाशी खाली बसली. पोरीला बोलावलं नाही, नुसती मांडी मोकळी करून बसली. पोरीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, जाऊ का म्हणून विचारल्यासारखं. आपल्याच आईकडं जायला ती मला विचारत होती. मी कोपरानं तिला ढकललं. ती जाईना. परत ढकललं, तेव्हा गेली. धाकटीनं तिला मांडीवर घेतलं, थुंकी लावून गुडघ्याची माती पुसली. हळूहळू पोरीचं रडं थांबलं. मग तिनं डोकं आईच्या छातीवर टेकलं आणि माझ्याकडं बघायचं सोडून दिलं.

ते मला सोसलं नाही. हवी होती ती वीणा गळ्यात, तोंडात देवाचं नाव, आणि मी धाकटीच्या मांडीकडं बघून जळत होते.