माऊसची वायर माझ्या हातात होती

भूतखेत, करणी, बाहेरची बाधा असलं काही मी आयुष्यात मानलं नाही. दर शनिवारी लिंबू-मिरची बांधायला येणाऱ्यालाही मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवतो. कोल्हापुरात शून्यातून कॉम्प्युटरचा धंदा उभा केलाय, एकेका वस्तूचा भाव पाडून. फुकटात कुणी काही देतं यावर माझा विश्वास नाही. म्हणूनच हे लिहितोय...

गेल्या उन्हाळ्यात कळंब्याकडच्या एका नर्सिंग कॉलेजचं काम घेतलं. एका खोलीत मोठा सर्व्हर, त्याच्या पोटात तीस आभासी कॉम्प्युटर. मुलींच्या टेबलावर नुसते स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस. सगळं झकास चालायचं, फक्त व्हिडिओ अडखळायचा. आवाज पुढे, चित्र मागे.

प्राचार्य मॅडमनी शिरेत सुई टोचण्याचा धडा लावला. हात दिसला, सुई दिसली, चित्र थिजलं... आणि एकदम पट्टीच.

"सुई आत गेली कधी?" मॅडम कडाडल्या. "पोरींनी शिकायचं काय यातून?"

"मॅडम, इंटरनेट जरा—"

"सर्व्हर शेजारच्या खोलीत आहे, इंटरनेटचं काय सांगता? शुक्रवारी बारा वाजता शेवटचं बघणार. नाहीतर सामान उचलून न्या."

हे काम गेलं असतं तर बाजारात माझं नाव संपलं असतं. कारण माझा जुना भागीदार संभा महिन्याभरापूर्वी हेच काम अर्धवट टाकून गेला होता, आणि वर गावभर सांगत होता, "त्येचा व्हिडिओ अडखळतोय." तो गेला त्याच दिवशी मी सगळे पासवर्ड बदलले.

संभाला एक खोड होती. क्लिक करण्याआधी तो माऊसचा स्क्रीनवरचा बाण बटणाभोवती तीनदा गोल फिरवायचा. "आरती ओवाळतोस काय रं?" म्हणून मी खेकसायचो.

शुक्रवार. नाटक नको म्हणून मी इंटरनेटची केबलच काढून ठेवली. मॅडम पलीकडच्या खोलीत मुलींच्या टेबलावर बसल्या. मी सर्व्हरसमोर उभा. व्हिडिओ सुरू झाला, अडखळला. माझे हात खिशात होते.

आणि बाण हलला.

मी माऊसची वायर उपटली. बाण थांबला नाही. सेटिंगची एक खिडकी उघडली, जिच्यात मी कधी शिरलो नव्हतो. चित्र पाठवायला सर्व्हरचं ग्राफिक्स कार्ड वापरायचं की नाही, अशी ती ओळ. बाण तिच्याभोवती फिरला. एक... दोन... तीन. क्लिक.

पलीकडे स्क्रीन काळा झाला, पुन्हा जोडला गेला, आणि व्हिडिओ पाण्यासारखा वाहू लागला. सुई शिरेत शिरताना स्पष्ट दिसली.

"हां, आता कसं!" मॅडमचा आवाज आला. "हे आधी का नाही केलंत?"

माझं डोकं सणकलं होतं. संभानंच चोरवाट ठेवली असणार! जिन्यात जाऊन त्याला फोन लावला. उचलल्या उचलल्या सुरू झालो, "चोरासारखा शिरलास व्हय रं माझ्या सर्व्हरात?"

"भावजी, मी वैशाली," त्याची बायको म्हणाली. "कुणाला बोलताय? ह्यास्नी अकरालाच ऑपरेशनला आत नेलंय, पित्ताशयाच्या. अजून भाईर आणलं न्हाई."

घड्याळात पाऊण वाजला होता.

नंतर एका जाणकाराकडून सर्व्हरच्या नोंदी तपासून घेतल्या. त्या वेळी आत फक्त माझंच खातं होतं. बाहेरून कुणी आलं नव्हतं, येणं शक्यच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. बाणाचं काही बोललो नाही. एवढंच विचारलं, "व्हिडिओ कशानं अडखळत होता रं?"

पडल्या पडल्या त्यानं तीच सेटिंग सांगितली, शब्दन् शब्द.

"मग आधी सांगितलं का न्हाईस?"

"चारदा फोन केलता," संभा म्हणाला. "तू उचललास काय?"

तो बाण कसा हलला, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. त्या दिवशी मात्र संभाच्या प्रश्नावर मी उठलो. चहा सांगायचं निमित्त करून बाहेर आलो, आणि फोनमध्ये त्याचे ते चार न उचललेले कॉल शोधले.